शून्याच्या खांद्यावरची खाच

साक्षीदार क्र. २, महिला, वय ५२ वर्षे, धंदा नोकरी (धनादेश छापखान्यात तपासनीस), राहणार छापखान्यामागील वसाहत, दुसरा मजला. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगी व धाकटे दीर यांच्यासह राहते. पती अकरा वर्षांपूर्वी वारले. दीर त्याच छापखान्यात यंत्र चालवतात. त्यांनी लग्न केले नाही, आमचे घर सांभाळले. हे कोणी विचारले नाही, तरी लिहून घ्यावे.

धनादेशाच्या तळाचे आकडे चुंबकी शाईने छापतात. तिच्यात लोखंडाची पूड असते, त्यावरून बँकेचे यंत्र आकडा ओळखते. साध्या शाईचा धनादेश ते बाहेर फेकते. आज इथे ठाण्यात साहेबांनी दाखवलेले सहा बनावट धनादेश यंत्राने बिनतक्रार घेतले होते. मी भिंगातून पाहिले. सहाही धनादेशांवर एकाच जागच्या शून्याच्या उजव्या खांद्यावर केसाएवढी खाच आहे.

ती खाच गेल्या वर्षी मीच पकडली होती. यंत्राला चालत होती, मला खपली नाही, म्हणून तो शून्य छापणारे अंकांचे चाक बाद करायला लावले. बाद चाक दोघांच्या देखत घणाने फोडायचे आणि दोघांनी नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. त्या दुपारी मुलीला दवाखान्यात न्यायचे होते. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही निघा. मी फोडतो. सही तेवढी करून जा." मी सही केली. चाक फुटताना पाहिले नाही. इतरांचे काम मी डोळ्यांत तेल घालून तपासते, घरच्या माणसाचे तपासले नाही.

आज दीरच मला स्कूटरवरून इथे घेऊन आले. फाटकापाशी म्हणाले, "समोर फोडलं म्हणून सांगा, वहिनी. एवढंच." मी विचारले, "भाऊजी, फोडलं होतं ना?" माझ्या हेल्मेटचा पट्टा अडकला होता, तो त्यांनी सोडवून दिला.

हे सांगणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, माझीही नोकरी जाईल. पण शाईच्या कोठाराचे राखणदार कालपासून कोठडीत आहेत आणि त्यांचा यात काही संबंध नाही. मला दिरांचा संताप येतो आणि त्यांच्यासाठी जीवही तुटतो.

दीर बाहेर बाकावर बसले आहेत. साहेब म्हणाले, ते पळतील का? मी सांगितले, मला घेतल्याशिवाय ते जाणार नाहीत.

हा जबाब मला वाचून दाखवला. दार उघडे आहे, हळू वाचा, असे मी म्हटले. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.