लुईची पेटी

(सॅन फ्रान्सिस्को, १९५१. चिनी वस्तीतल्या गाववाल्यांच्या मंडळाची कचेरी. समोरासमोर म्हातारे लाँड्रीवाले हॉम आणि मंडळाचे चिटणीस सेटो.)

हॉम : म्हणजे माणूस उकरून ठेवलात, आणि आता बोट नाही म्हणता?

सेटो : काका, उकरलं तेव्हा बोटी होत्या. मग कोरियात लढाई लागली, चीनला काही धाडणंच बंद झालं. मंडळाच्या बैठकीत हे कुणाला सुचलं नव्हतं.

हॉम : मंडळाला चहाशिवाय सुचतं काय? काही वर्षं इथल्या मातीत ठेवायचं, मग हाडं पुसून पेटीत घालून गावी पोचवायची. बापजाद्यांपासूनची रीत. लुई मरत होता तेव्हा मी त्याला शब्द दिलाय.

सेटो : शब्द सगळ्यांनीच दिलेत. स्मशानातल्या खोलीत पेट्यांवर पेट्या रचल्यात.

हॉम : लुईच्या शेजारी कोण आहे?

सेटो : फाँग. तो जहाजावरचा आचारी.

हॉम : अरे देवा. त्याच्या घोरण्यापायी लुईनं खोली बदलली होती.

सेटो : आता नाही घोरत. काका, ऐका माझं. लुईकाकांना इथेच कायमची जागा घ्या. नवी मंडळी घेतात.

हॉम : नव्यांच्या बायका इथे आहेत. आमच्या वेळी इथलं सरकार चीनहून बायको आणू देत होतं का? अख्खी गल्ली बाप्यांची. एकमेकांचे केस कापायचे, एकमेकांशी भांडायचं, झाला संसार.

सेटो : पण आता वस्ती कशी झालीय बघा. गोरे लोक मुद्दाम बघायला येतात.

हॉम : छपरं बघायला. परवा एक बाई विचारत होती, तुमच्या गावच्या घराला असंच वळणदार छप्पर असेल ना? म्हटलं, अर्धं होतं, बाई.

सेटो : गावी लुईकाकांची पेटी उतरवून घेणार कोण?

हॉम : बायको गेली त्याची.

सेटो : मुलगा?

हॉम : त्यानं बापाला एकदाच पाहिलंय. पाळण्यातून.

सेटो : मग तिकडे त्यांना ओळखणारं कोण आहे, काका?

हॉम : (जायला उठतात.)

सेटो : चहा सांगू?

हॉम : नको. पुरा त्याला. इथेच.

सेटो : बरं.

हॉम : चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, मी जाईन. थडगं झाडीन, गवत उपटीन.

सेटो : आणि तुमच्यानंतर?

हॉम : शेजारची जागा मला ठेवा. गवत काय, दोघांवर मिळून वाढेल.