मडक्यातला स्टिरिओ

शपथेवर सांगतो, खरी गोष्ट आहे. म्हणजे बरीचशी खरी. नवेगाव बांधच्या पिकनिकसाठी मी घरीच स्टिरिओ बनवला होता. जुना रेडिओ अन् स्पीकर मडक्यात बसवले, कारण मडक्यात बास मस्त घुमते. वायरी दिसू नये म्हणून तोंडाले लाल फडकं बांधलं, मोटरसायकलची बॅटरी पिशवीत टाकली अन् काळी-पिवळीजवळ गेलो. जीप ठसाठस भरलेली, अन् तिकडे पोरं नाचायले माझीच वाट पाहून राहिली होती.

ड्रायव्हरनं मडकं पाहून हळूच विचारलं, "कुठं नेऊन राहिला, भाऊ?"

मी म्हटलं, "तलावावर."

एक काका म्हणाले, "अस्थी आहेत, सरका बे." लगेच खिडकीची सीट मिळाली. काकांनी मडक्याले हात जोडले.

रस्त्यात गड्डा आला, वायर हलली अन् मडक्यातला रेडिओ बोलला, "शेतकरी बंधूंनो, धानावर वेळेत फवारणी करा."

काका म्हणाले, "मेल्यावरही धानाचीच काळजी. लय कष्टाळू माणूस."

ड्रायव्हरनं मात्र जीप थांबवली. "मेला म्हणून फुकट नेत होतो. बोलते तं याच्याही सीटचे पैसे लागतीन."

मी मुकाट्यानं दोन सीटचे दिले. आता चहाचे तरी तू दे.