शेवटच्या गाण्यानंतर

कॅसेटवरून आठवलं. आमचा मुलगा सुरेश मस्कतला होता, तेव्हा पत्राऐवजी तो कॅसेट पाठवायचा. आम्ही ती ऐकायचो, त्याच कॅसेटवर आमचं बोलणं भरायचो आणि परत पाठवायचो. एकदा घाटकोपरच्या खोलीत कॅसेट लावली, तर इंग्रजी गाणी सुरू.

"अवो, हे कोण बोंबलतत? माझो झील खंय?" बायको म्हणाली.

शेजारचे देसाई हसले. "वहिनी, विलायतेतला नावाजलेला बँड आहे हा. एकेक गाणं झकास!"

तीन गाणी ऐकली. वाटलं, पोरानं या वेळी नुसती गाणीच पाठवली. मग बायको नेहमीसारखी जुनं पुसून त्याच कॅसेटवर बोलली, दोन्ही बाजू भरून. "गाणी बरी असत हां," असंही म्हणाली.

महिन्याभरानं पत्र आलं. "कोरी कॅसेट मिळाली नाही, म्हणून मित्राच्या कॅसेटवर शेवटच्या गाण्यानंतर बोललो होतो. इथे सहन होत नाही, परत येऊ का, एवढंच विचारलं होतं. तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत. मी आणखी तीन वर्षांच्या करारावर सही केली."

बायकोला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "माझां बोलणां आयकल्यान ना तेणां?"

"ऐकलं," मी म्हटलं.