दार कुठाय?

तुम्ही सगळे माझ्या बायकोला, मेधाला, शांत समजता ना? मग हे ऐका.

मुलगी कॅनडाला शिकायला गेल्यापासून मेधा इथे आखातात, आमच्या जुफैरच्या फ्लॅटमधून फारशी बाहेरच पडत नव्हती. मग एक दिवस बुसैतीनच्या सामुदायिक बागेत तिनं स्वतःहून एक वाफा घेतला, आणि अवजारं ठेवायला शेड हवीच म्हणाली. शुक्रवारी सकाळी आम्ही शेडचं किट उघडलं. मदतीला शेजारच्या वाफ्यावरचे रत्नागिरीचे हसनभाई होते.

बाजूच्या दोन भिंती उभ्या राहिल्या आणि शमाल सुटला, म्हणजे इथला तो उत्तरेकडचा धुळीचा वारा. पत्रे खडखडायला लागले.

"खलास, भाभी," हसनभाई म्हणाले. "आज उतरवून ठेवू. पुढच्या शुक्रवारी बघू, इंशाल्ला."

मेधा आत शिरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "मी धरलंय. तुम्ही स्क्रू लावा."

"अगं, डोळ्यांत धूळ जातेय."

"मग डोळे मिटून लाव."

आम्ही स्क्रू लावत गेलो. उरलेल्या दोन्ही भिंती बसल्या, छप्पर बसलं. मग हसनभाईंनी विचारलं, "भाभी, दार कुठाय?"

घाईत पुढची भिंत मागे लागली होती. सरकतं दार थेट बागेच्या कंपाउंडकडे तोंड करून. शेड आणि कंपाउंडच्या भिंतीमधल्या फटीतून मेधा अंग चोरत बाहेर आली. केस, भुवया, सगळं धुळीनं पांढरं. आणि कित्येक महिन्यांनी ती हसत होती.

"खोलून परत लावू या," मी म्हटलं.

"काही नको. आता शमाललासुद्धा दार सापडणार नाही."