डोंगरमाथ्यावरचा लिंब

...आन् वरून म्हणतेत, निसर्गाचा आनंद घ्या! घेतो ना! पर तुमाला सांगतो, हातात पाण्याची कॅन, पायात काटा, डोक्यावर रणरणतं ऊन... आनंद घ्यायला एक हात तरी मोकळा पायजे का न्हाई?

मी कारकून माणूस. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात जलम गेला, आत्ता कुठं रिटायर झालतो. म्हणलं, आता उन्हं अंगावर येईस्तोवर झोपायचं. दुसरं कायबी मागणं नव्हतं हो! पर आमच्या वनमालानं, बायको माझी, परस्पर नाव दिलं निसर्गप्रेमी मंडळात. "आवो, घरात लोळून काय करता? चार माणसांत जावा, झाडं बघा, पाखरं बघा!"

मंडळाचे अध्यक्ष जालिंदरराव. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. पावसाळ्यात डोंगरावर लावलेली रोपं एकेकानं दत्तक घ्यायची, मृगाचा पाऊस पडेस्तोवर पाणी घालायचं, असा कायदा. आन् मी पयल्याच दिवशी उशिरा गेलतो! पायथ्याची रोपं संपलेली. "बद्रीनाथराव, तुमच्यासाठी पार माथ्यावरचा कडूलिंब ठेवलाय! वारा काय, फुललेला पळस काय... निसर्गाचा आनंद घ्या!" मी म्हणलं, तुमचं रोप कोणतं? तर म्हणले, "मला गुडघ्याचा त्रास हाय. मी देखरेख करतो."

फागुनात लई गर्दी! रोपापुढं उकिडवं बसून फोटो, कोकिळेचा आवाज मोबाईलात भरून घ्यायचा... आन् रोपाच्या बुडाला पाणी मात्र तीर्थावानी! मग लग्नं लागली, आंबे आले, एकेक निसर्गप्रेमी गायब. कुणाचं रोप वाळलं, कुणाचं शेळ्यांनी खाल्लं. जालिंदरराव तर लेकीकडं पुण्याला. तिथून रोज सकाळी ग्रुपवर टाकतेत, निसर्गाचा आनंद घ्या!

मीबी ठरवलं, वाळू द्या आपलंबी. सुटू एकदाचे! कॅन ठेवली न्हाणीत, चादर घेतली डोक्यावरून. झोप येती का? ह्या कुशीवर, त्या कुशीवर... उठून घोटभर पाणी पिलं, तर घशाखाली उतरंना! वनमाला म्हणती, "काय झालं हो, पोटात दुखतंय का?" आता हिला काय सांगू, डोंगरावर एकजण तहानलाय म्हणून?

दोन-तीन दिवस काढले कसेबसे. शेवटी गेलो. बघतो तर लिंबानं पार मान टाकलेली. त्या उघड्या डोंगरावर त्याला माझ्याबिगर कोण होतं हो? अख्खी कॅन ओतली आन् तिथंच बसलो दगडावर, धापा टाकत.

मग रोज चढलो. आन् एक दिवस बघतो तर शेंड्याला तांबूस कोवळी पालवी! मी कावलो की! म्हणलं, "कशाला फुटला बे? आं? सगळ्यांसंगं वाळता आलं न्हाई तुला?" एवढं म्हणलं... आन् रुमालानं त्याच्या पानांवरची धूळ पुसत बसलो.

म्हणलं, मृगात तरी सुटका होईल. तर मृग लागला कोरडाच! आभाळ येतंय, जातंय, थेंब न्हाई. आता न्याय बघा तुमी... ज्यांची झाडं मेली, ते सगळे कूलर लावून घोरतेत हो! माझं जगलं. मी काय करू?