न उतरवलेली तुरटी

— तुरटी देते ना, नाही कोन म्हन्ते? पन बस आंधी. लेकराची नजर उतरवाची, खडा इस्तवावर टाकाचा, अन् तो फुलला का त्यात कोनाचं तोंड दिसते ते पाहाचं — हेच ना? अन् तुह्या मनात तुही जाऊ हाय. नाही कशी? तोंडावर दिसून राह्यलं तुह्या. बस, एक गोठ आईक.

रिठद गावाले एक होती गोमतीबाई. तिले दोन लेक, दोन सुना — थोरली सुंदरबाई, धाकटी प्रयागबाई. थोरलीले मांडीवरचं लेकरू, मोहनसिंग. धाकटीची कूस रिकामी. लोकायनं पहिलं मत टाकलं त्या सालची गोठ. मोहनसिंग किरकिर करे, दूध ओके. गोमतीबाईनं त्याच्यावरून तुरटी उतरवली, इस्तवावर टाकली, खडा फुगला — अन् तिले त्यात नथ दिसली. घरात नथ एकटी धाकटीच घाले. झालं. प्रयागबाईनं लेकराले शिवाचं नाही, त्याच्यासमोर जेवाचं नाही. मी ओसरीवर — ती ओसरीवर जेवे. अन् पोळा झाला का तिले माहेरी धाडाचं, कायमची, हेबी ठरलं. नवरा काय म्हने? नवरा बैलाकडे पाहे.

आता शाळेत होता जगदेव मास्तर. त्याले पोरायले मिठायचे गुन शिकवाचे होते, अन् शाळेत सामान काय — एक घंटा अन् एक फळा. म्हून त्यानं घरून आनाले सांगितलं: खायाचं मीठ, जवारीच्या बियाले लावतेत तो मोरचूद, अन् तुरटी. तिन्ही मिठंच हायेत म्हने, भाऊबंद. शेगडीवर लोखंडी पळी ठेवाची, एकएक तापवाचं अन् पाहाचं. मीठ तडतडे. निळा मोरचूद पांढरा होये, पान्याचा थेंब टाकला का पुन्हा निळा. तिथवर कोनाचं काही म्हननं नव्हतं. पन शाळेत तुरटी जाळून राह्यले म्हतल्यावर गावात बोंब — मास्तर कोनाची नजर काढते, अन् काढलेली नजर कोनाच्या घरात घुसते? गोमतीबाई बायका घेऊन थेट शाळेत. प्रयागबाई सगळ्यायच्या मांगं, दाराबाहेर.

गोमतीबाईनं इचारलं, "कोनावरून उतरवली?"

"कोनावरूनच नाही. डब्यातून काढली," मास्तर म्हने.

खडा पळीत टाकला. वितळला, बुडबुडला, फुगला. एक म्हने पाटील हाय, दुसरी म्हने माही सासू. मास्तरानंबी वाकून पाह्यलं, त्याले शाळेचा तपासनीस साहेब दिसला — हे तो बोलला नाही, मांगून त्याच्या बायकोनं सांगितलं. मास्तर म्हने, एका खड्यावर काही ठरत नसते, दुसरा घ्या. दुसऱ्यात नथ निघाली. तिसऱ्यात दोन निघाल्या. मंग गोमतीबाईनं सोताच्या हातानं एक खडा निवडला. तो असा फुगला — गाल बसलेले, तोंड उघडं — का रंगू म्हातारीच्या तोंडून निघून गेलं, "गोमते, हे तं तूच हायस वं."

गोमतीबाई पळीवर वाकली.

"माह्या नातवाले माही नजर लागंन, मास्तर?"

"तुमची लागली नसंन, तं नथ दिसली त्या दिवशीबी कोनाचीच लागली नाही."

ती घरी आली. चुकलं-बिकलं म्हनाची त्या घरात रीत नव्हती. मी तिच्या आंधी येऊन ओसरीवर ताट घेऊन बसली होती — मीच, हो, आता काय लपवाचं — तिनं लेकरू आनलं अन् माह्या मांडीवर टाकलं. म्हने, "धर याले, मले भाकरी टाकाच्या हायेत." मी त्याच्या तोंडात बोट घातलं तं हिरडीले दाताचं टोक लागलं. दात येत होते वं, दुसरं काय. तुरटीत नथ सगळ्यायनं पाह्यली, तोंडात बोट कोनी घातलं नाही.

पोळा झाला, मी माहेरी गेली नाही. पुढच्या साली मले लेक झाली, सासूनं गावभर गूळ वाटला. अन् मोहनसिंग अजून मले लहानी माय म्हन्ते, माह्याच ताटात जेवते.

घे हा खडा. पानी गढूळ येऊन राह्यलं, हंड्यात फिरव. अन् घरी गेली का आंधी लेकराच्या तोंडात बोट घाल. जाय.