आमच्या मोटारीचा दसरा

मोटार आमच्याकडेही होती, बरं का, पण टीचभर! बाहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट असेल. नगरच्या जुन्या बाजारात मला जुन्या विलायती मोटारीचं मॉडेल मिळालं, प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून बनवायचं. कुणीतरी अर्धवट जोडून टाकून दिलेलं, एक चाक गायब. दोन महिने मी त्याच्या नादी लागलो. चाकाच्या जागी कोटाचं बटण बसवलं आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग दिला.

आमचे वडील, अण्णा, रोज करवादायचे, "शाळेत मास्तर हायस ना तू? अन् खेळन्यात रमतोस? ह्यानं रान नांगरून हुनार हाय का?"

दसऱ्याला अण्णांनी नांगर, पाण्याचं इंजिन, सायकल, सगळं पुजलं आणि एकदम म्हणाले, "तुझी मोटार कुठंय?"

चेष्टाच वाटली. तरी आणली. त्यांनी करंगळीनं कुंकू लावलं, झेंडूची एक पाकळी वाहिली. मग चाकाखाली ठेवायला लिंबू घेतलं, तर ते चाकाच्या दुप्पट! आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

अण्णा मात्र गंभीर. घरातून भिजवलेले मूग आणले आणि चारी चाकांखाली एकेक ठेवला.

"हां, घे पुढं. दमानं, नवी गाडी हाय."

मी बोटानं ढकलली. बटणाचं चाक डुगडुगत मुगावर चढलं.

"थांब!" अण्णा ओरडले.

मी झटकन बोट मागं घेतलं. चाक निखळलं की काय?

"आरं, हारन कोन वाजवनार?" म्हणत अण्णा मोटारीपाशी उकिडवे बसले आणि मिशीतल्या मिशीत आवाज काढला, "पों पों!"